नॉनस्टिक केक टिन पारखून कसा घ्यावा?

केकचा टिन घ्यायला गेलं की बहुतेक जण आतून बोट फिरवतात आणि गुळगुळीत लागला की पैसे काढतात. नवा असताना प्रत्येकच टिन गुळगुळीत लागतो. कोटिंग आज ना उद्या झिजणारच. केक सारखा भाजला जातो की नाही, हे कोटिंगखालच्या पत्र्यावर ठरतं. म्हणून आधी पत्रा पाहायचा, मग कोटिंग. इंदूरकरांना हे जमण्यासारखं आहे. राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारात चार टिन समोर काढून घेता येतात, हातात धरून बघता येतात. ऑनलाइन फोटोत पत्र्याची जाडी कळत नाही.

घरून निघण्याआधी ओटीजीच्या (घरगुती विजेच्या ओव्हनच्या) आतली लांबी-रुंदी मोजून घ्या. टिन ठेवल्यावर चारही बाजूंना दोन-तीन सेंटीमीटर जागा मोकळी राहिली पाहिजे, नाहीतर गरम हवा फिरत नाही आणि केकची एक बाजू करपते. सोबत मोजपट्टी आणि फ्रिजच्या दारावरचं एखादं लोहचुंबक घ्या.

पत्रा

दुकानात पहिलं काम चुंबकाचं. चिकटलं तर टिन पोलादी पत्र्याचा आहे, नाही चिकटलं तर बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा. अ‍ॅल्युमिनियममधून उष्णता साध्या पोलादाच्या जवळपास चौपट सहज पसरते, त्यामुळे केकचा तळ एकसारखा भाजला जातो. शिवाय तो गंजत नाही. पोलादी टिन वाईट नसतो, पण कोटिंगला ओरखडा गेला की तिथून गंज धरतो. दोन्ही समोर असतील तर मी अ‍ॅल्युमिनियमच घ्यायला सांगेन.

मग जाडी. एकाच मापाचे आणि एकाच धातूचे दोन टिन दोन हातांत धरा. जड तो जाड. दोन्ही अंगठ्यांनी तळ हलका दाबून पाहा. ‘टक्’ असा आवाज करून आत-बाहेर होत असेल, तर ओव्हनमध्ये तापल्यावर तो वाकणार आणि पीठ एका बाजूला जाणार. काउंटरच्या काचेवर टिन ठेवून कडेला बोट लावा. डुगडुगला तर दुसरा मागा.

रंगाकडे कुणी फारसं लक्ष देत नाही, पण फरक मोठा पडतो. काळा किंवा गडद टिन उष्णता जास्त शोषतो. कडा आधी घट्ट होतात, मधलं पीठ अजून फुगतच असतं, म्हणून केक मध्ये घुमटासारखा वर येऊन तडकतो. गडद टिन असेल तर तापमान १० ते १५ अंशांनी कमी ठेवा. स्पंज केकसाठी फिकट राखाडी रंगाचा टिन निवडलात तर ही कटकटच राहत नाही.

माप आतल्या बाजूने घ्या. ‘आठ इंच’ हे कधी बाहेरच्या काठापर्यंतचं असतं, कधी तळाचं. गोल ६ इंची आणि ८ इंची टिनमध्ये फरक दोनच इंचांचा वाटतो, पण उंची सारखी असेल तर आठ इंचीत पावणेदोनपट पीठ मावतं. भिंती सरळ असाव्यात, काठ बाहेर गोल वळवलेला असावा. असा काठ टिनला ताठ ठेवतो आणि हातही कापत नाही. तळ निघणारा टिन असेल तर घरी आल्यावर पाणी भरून पाहा. थोडं झिरपलं तरी पातळ पीठ गळेल.

कोटिंग

दुकानाच्या दाराशी उजेडात या आणि टिन तिरका धरा. टाचणीच्या टोकाएवढी भोकं, दाणे, रंगाचे पट्टे दिसतात का? कोपरे आणि काठाची वळणं नीट बघा, थर पातळ राहतो तो तिथेच.

पाकिटावरच्या शब्दांनी भुलू नका. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई हे निसरडं प्लास्टिक, जे रसायनशास्त्रज्ञ रॉय प्लंकेट यांना १९३८ मध्ये सापडलं. पीएफओए हे ते बनवताना पूर्वी वापरलं जाणारं वेगळं रसायन. २०१९ मध्ये घातक रसायनांवरच्या स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय करारात, काही अपवाद ठेवून, त्यावर जागतिक बंदी ठरली. म्हणून ‘पीएफओए-फ्री’ या लेबलवरून कोटिंग किती टिकेल हे कळत नाही. सिरॅमिक कोटिंग जास्त उष्णता सहन करतं, पण त्याचा निसरडेपणा लवकर जातो. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांसाठी आयएस १६६० हे भारतीय मानक आहे आणि त्यात नॉनस्टिक थराची भांडीही येतात. आयएसआय चिन्ह असेल तर तो टिन आधी हातात घ्या.

पीटीएफई साधारण २६० अंशांच्या वर खराब होऊ लागतं. घरचा ओटीजी बहुतेक २५० च्या पुढे जात नाही, तेव्हा तिथे काळजी नाही. काळजी घ्यायची ती कुकरमध्ये केक करणाऱ्यांनी. कोरड्या तापलेल्या कुकरचं तापमान आपल्या हातात नसतं. नॉनस्टिक टिन तळावर थेट ठेवू नका. खाली स्टँड हवाच, आणि आच मंद. त्याहून बरं म्हणजे कुकरसाठी बिनकोटिंगचा साधा अ‍ॅल्युमिनियमचा डबा वापरणं.

पहिली भाजणी

ट्रे घेतला असेल तर त्यावर नानखटाई सारख्या अंतरावर मांडून भाजा. सगळ्यांचे तळ उलटून पाहा. मधल्या फिकट आणि कडेच्या तपकिरी असतील तर कधी दोष ओव्हनचाही असतो, म्हणून दुसऱ्या खेपेला ट्रे फिरवून ठेवा. डाग ट्रेबरोबर फिरले तर पत्रा असमान आहे.

टिनसाठी मावा केक करून बघा. दूध आणि साखर जास्त असल्याने तो पटकन चिकटतो. बटर पेपर न घालता, फक्त तुपाचा हात लावून भाजा. दहा मिनिटं थांबा आणि जाळीवर उलटा. चांगला टिन केक अलगद सोडतो. कोपऱ्यात लगदा राहिला तर पावती शोधा आणि टिन बदलून आणा.

पुढे तारेची घासणी आणि सुरी टिनपासून लांब ठेवा, गरम टिनवर गार पाणी ओतू नका. तेलाचा स्प्रे टाळा. त्यातला लेसिथिन हा स्निग्ध पदार्थ जळून चिकट थर बसतो आणि घासूनही जात नाही. कोटिंगचे पापुद्रे सुटू लागले की त्या टिनमध्ये भाजणं थांबवा. एखादा कण पोटात गेला तर घाबरायचं कारण नाही, तो पचत नाही, तसाच बाहेर पडतो.