ब्रेक लाइटचा साधा बल्ब काढून एलईडी बसवताना

गाडीच्या ब्रेक लाइटमधला साधा बल्ब काढून त्या जागी एलईडी बल्ब बसवणे हे हाताचे काम म्हणून पाहिले, तर जेमतेम अर्ध्या तासाचे आहे. खरा वेळ लागतो तो योग्य बल्ब निवडायला आणि बसवल्यानंतर तो नीट तपासायला, आणि नेमकी हीच दोन कामे बहुतेक वेळा घाईत उरकली जातात. ब्रेक लाइट चालवणाऱ्याला स्वतःला कधीच दिसत नाही. तो मागून येणाऱ्यासाठी असतो. त्यामुळे नवा बल्ब जवळून किती लखलखतो याला फारसा अर्थ नाही. आपण ब्रेक दाबल्याचे मागच्याला भर उन्हातही लगेच आणि निःशंकपणे कळते का, एवढेच पाहायचे असते.

या बदलाचा मुख्य लाभ वेगाचा आहे. साध्या बल्बमधील फिलामेंट, म्हणजे आतली बारीक तार, आधी तापते, मग उजळते, आणि पूर्ण प्रकाश द्यायला त्याला सुमारे ०.२ सेकंद लागतात. एलईडी मात्र वीज मिळताक्षणीच पूर्ण उजळतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारी गाडी ०.२ सेकंदात साधारण साडेपाच मीटर अंतर कापते, हे लक्षात घेतले तर हा फरक किरकोळ वाटत नाही. वीज वाचते हेही खरे आहे, कारण २१ वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर प्रवाह घेतो, तर एलईडी त्याच्या लहानशा अंशावर भागवतो. पण ब्रेक अधूनमधूनच दाबला जातो, तेव्हा केवळ विजेच्या बचतीसाठी हा खटाटोप करण्यात काही हशील नाही.

खरेदीपूर्वी आपल्या देशातील नियम पाहून घ्यावेत. साध्या बल्बसाठी मान्यता मिळालेल्या दिव्यात एलईडी बल्ब घालून गाडी रस्त्यावर आणणे अनेक देशांत नियमबाह्य ठरते, आणि त्यामागे निव्वळ कागदी अट नाही. दिव्याच्या आतील चकचकीत परावर्तकाचा आकार एका ठरावीक बिंदूवर फिलामेंट आहे असे गृहीत धरून ठरवलेला असतो. एलईडीचे ठिपके त्या बिंदूपासून पुढे-मागे असले, किंवा ते सर्व फक्त टोकाकडेच तोंड करून बसवलेले असले, तर परावर्तक अंधारात राहतो आणि संपूर्ण दिव्याऐवजी मधला एक ठिपका तेवढा झगमगतो. म्हणूनच ज्याच्या चारही कडांवर ठिपके आहेत आणि ज्याची लांबी मूळ बल्बच्या जवळपास आहे, असाच बल्ब घ्यावा. नियम आड येत असेल, तर आख्खा टेल लॅम्प, म्हणजे मागचा दिवा, काढून मान्यताप्राप्त एलईडी टेल लॅम्प बसवणे हा सरळ मार्ग आहे.

कोणता बल्ब लागतो याचे उत्तर जुन्या बल्बच्या बुडावरच कोरलेले असते. पी २१ डब्ल्यू म्हणजे एका फिलामेंटचा २१ वॉटचा बल्ब. त्याच्या बुडावरील दोन्ही खुंट्या समान उंचीवर असतात आणि तळाशी शिशाचा एकच ठिपका असतो. पी २१/५ डब्ल्यू हा दोन फिलामेंटचा बल्ब असून त्यातील ५ वॉटचे फिलामेंट पार्किंग लाइटसाठी आणि २१ वॉटचे ब्रेकसाठी असते. त्याच्या खुंट्या वर-खाली असतात आणि तळाशी दोन ठिपके असतात. खुंट्या वेगळ्या ठेवण्याचे कारणच हे, की बल्ब उलटा बसू नये. तेव्हा बल्ब जात नाही म्हणून जोर लावू नये. काही गाड्यांत धातूचे बूड नसलेले, सपाट काचेच्या पायाचे डब्ल्यू २१ डब्ल्यू किंवा डब्ल्यू २१/५ डब्ल्यू हे बल्ब असतात.

रंगाच्या बाबतीत सर्वाधिक फसगत होते. लाल काचेमागे पांढरा एलईडी घातला, तर उजेड लालबुंद न दिसता फिकट आणि गुलाबीसर दिसतो. पांढरा एलईडी मुळात निळा असतो आणि त्यावरील पिवळसर लेपामुळे तो पांढरा भासतो. त्याच्या प्रकाशात लाल अंश कमीच असतो आणि लाल काच बाकीचा सगळा अडवून धरते. लाल काचेमागे लाल एलईडीच घ्यावा. अपवाद एकच: काही टेल लॅम्पमध्ये हाच बल्ब खालच्या पारदर्शक खिडकीतून नंबरप्लेटवरही उजेड पाडतो, आणि तिथे लाल बल्ब चालत नाही.

दोन फिलामेंटच्या जागी येणाऱ्या एलईडीत पार्किंगचा मंद उजेड आणि ब्रेकचा प्रखर उजेड यांत ठळक अंतर असले पाहिजे. हलक्या प्रतीच्या बल्बमध्ये दोन्हींत इतका थोडा फरक असतो की रात्री पार्किंग लाइट चालू असताना ब्रेक दाबला तरी मागच्याला काही कळत नाही. असा बल्ब साध्या बल्बपेक्षाही वाईट, असे माझे स्पष्ट मत आहे.

नव्या गाड्यांतील संगणक बल्बमधून जाणारा प्रवाह मोजत असतो. एलईडीने घेतलेला अल्प प्रवाह पाहून त्याला बल्ब गेल्याचा समज होतो आणि डॅशबोर्डवर इशारा झळकतो. कधी तपासणीसाठी सोडलेल्या विजेच्या सूक्ष्म ठोक्यांमुळे बंद दिवाही मंदपणे लुकलुकतो. अशा गाडीसाठी कॅन-बस (गाडीतील संगणकांना जोडणारे जाळे) सुसंगत असे लिहिलेला बल्ब घ्यावा. जादा प्रवाह ओढण्यासाठी बल्बला समांतर रेझिस्टर (विद्युत रोधक) जोडण्याचाही उपाय सांगितला जातो, पण ६ ओहमचा रेझिस्टर १२ व्होल्टवर २४ वॉट उष्णता निर्माण करतो. तो प्लॅस्टिकला किंवा वायरच्या जुडग्याला टेकला, तर ते वितळते. जोडायचाच असेल तर तो गाडीच्या धातूच्या पत्र्यावर घट्ट बसवावा. काही जुन्या गाड्यांत क्रूझ कंट्रोलचे, म्हणजे वेग आपोआप कायम ठेवणाऱ्या यंत्रणेचे, सर्किट ब्रेकच्या बल्बमधूनच अर्थिंग (वीज परतण्याची जोडणी) घेते, आणि एलईडी बसवल्यावर ते चालेनासे होते.

आता प्रत्यक्ष काम. इग्निशन बंद करून चावी काढावी आणि दिवा नुकताच लागलेला असेल तर तो थंड होऊ द्यावा. डिकी उघडल्यावर टेल लॅम्पच्या मागे आतील बाजूस झाकण दिसते. बऱ्याच गाड्यांत ते काढले की होल्डरपर्यंत हात पोहोचतो. नसेल पोहोचत, तर लॅम्प धरून ठेवणारे स्क्रू किंवा नट सोडवून तो सरळ मागे ओढावा. त्याच्या बाहेरील कडेला प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात आणि लॅम्प तिरका ओढला की त्या हमखास तुटतात. होल्डर घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवून बाहेर काढावा, बल्ब किंचित दाबून फिरवावा आणि सोडावा. सपाट पायाचा बल्ब मात्र नुसता सरळ ओढायचा असतो.

होल्डर हातात आला की त्यातील पितळी पट्ट्या नीट पाहाव्यात. माझ्या गाडीत बसवलेला पहिला एलईडी सारखा लुकलुकत असे. बल्बच सदोष असावा असे समजून मी तो बदलून आणला, तर दुसराही तसाच. अखेर होल्डरमधील अर्थिंगच्या पट्टीवर हिरवट थर सापडला. पट्टी बारीक सँडपेपरने घासून, किंचित वर उचलून बसवल्यावर लुकलुकणे थांबले. गंमत अशी, की त्याच होल्डरमध्ये जुना बल्ब वर्षानुवर्षे निमूट जळत होता. तापलेले फिलामेंट क्षणभर वीज तुटली तरी लगेच विझत नाही, त्यामुळे ढिला संपर्क झाकला जातो. एलईडी मात्र वीज तुटल्याचा प्रत्येक क्षण चव्हाट्यावर आणतो.

सुरुवातीला एकाच बाजूचा बल्ब बदलावा आणि लॅम्प पुन्हा आवळण्यापूर्वी कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगावे. सपाट पायाचा एलईडी लागलाच नाही, तर तो काढून उलट बाजूने घालावा, कारण एलईडीत प्रवाह एकाच दिशेने वाहतो. मग दिव्याच्या काचेवर ऊन पडेल अशा वेळी मागे वीस पावले जाऊन दोन्ही बाजूंची तुलना करावी: एलईडीची बाजू निदान साध्या बल्बइतकी ठसठशीत दिसते का, काच कडेपर्यंत उजेडाने भरते का, आणि दोन पावले डावी-उजवीकडे सरकल्यावर उजेड एकदम कमी होतो का. यात तो उणा ठरला तर निःसंकोच परत करावा. पसंत पडला, तरच दुसऱ्या बाजूला त्याच जातीचा बल्ब बसवावा. रात्री पार्किंग लाइट लावून हीच पाहणी पुन्हा करावी. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण केले, तर मागच्या काचेजवळच्या तिसऱ्या ब्रेक लाइटमध्ये साधा बल्ब उरला असल्यास तो बाकीच्या दोघांमागून रेंगाळत उजळताना दिसतो. मग तोही बदलून घ्यावा.

लॅम्प परत बसवताना पाणी अडवणारे रबरी गॅस्केट कुठे दुमडले नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. साध्या बल्बच्या उष्णतेने आतली ओल सुकून जात असे. एलईडीत ती सोय नाही, त्यामुळे आत शिरलेले पाणी तिथेच राहते. उतरवलेले जुने बल्ब चालू स्थितीत असतील, तर कापडात गुंडाळून गाडीतच ठेवावेत. एखादा एलईडी वाटेत बंद पडला, तर तेच पुन्हा बसवता येतात.