पाठीवर बिऱ्हाड, सोबतीला कुणी नाही: डोंगरातला एक दिवस कसा आखावा

एकट्याने चालताना ‘आता पुरे, इथेच थांबू’ म्हणणारं कुणी नसतं. त्यात दुपार कलली की दमलेलं डोकं हट्टाला पेटतं. म्हणून दिवसभराचे मोठे निर्णय सकाळीच घेऊन टाकावेत आणि नंतर मोडू नयेत.

१. वेळ संध्याकाळकडून मागे मोजा

सूर्यास्ताच्या दोन तास आधी मुक्कामाला पोहोचायचं, हे आधी पक्कं करा. मग चालायला किती वेळ लागेल ते काढा. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला हिशेब आजही कामाला येतो: दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे १८ किलोमीटर अंतर आणि १,२०० मीटर चढ असेल, तर साधारण साडेपाच तास. पण हा हिशेब न थांबता चालणाऱ्या तगड्या माणसाचा. पाठीवर ओझं, विश्रांती, फोटो, चुकलेलं वळण हे सगळं धरून मी त्याची सरळ दीडपट करतो, म्हणजे सव्वाआठ-साडेआठ तास. सूर्यास्त साडेसहाचा असेल, तर आठच्या आत पाय वाटेला लागले पाहिजेत. वाटेत उंच खिंड असेल, तर त्याहूनही लवकर. उन्हाळी दिवसांत डोंगरावर गडगडाटी ढग बहुधा दुपारनंतर जमतात, त्याआधी खिंड ओलांडलेली बरी.

आता परतीची वेळ ठरवा. ‘बारापर्यंत खिंडीत पोहोचलो नाही, तर मागे फिरायचं.’ ही वेळ कागदावर लिहा. मनात ठेवलेली वेळ हमखास पुढे सरकते.

२. निरोप ठेवा

घरच्या किंवा भरवशाच्या माणसाला चार गोष्टी कळवा: वाट, मुक्कामाची जागा, पोहोचल्याचा निरोप कधी येईल आणि तो आला नाही तर किती वाजता बचाव पथकाला फोन करायचा. शेवटची गोष्ट बहुतेक जण सांगत नाहीत, आणि मग घरचे रात्रभर ‘थोडं थांबून बघू’ करत बसतात.

३. सॅक भरा

जड वस्तू पाठीला चिकटून, मध्यावर. स्लीपिंग बॅग तळाशी. रेनकोट, खाऊ, हेडलॅम्प आणि नकाशा सगळं न उपसता हाताला लागायला हवं. शिट्टी मात्र सॅकमध्ये नको, अंगावर हवी. पडलात आणि सॅक घरंगळत गेली, तर ती गळ्यातच उपयोगी पडेल.

४. चाला

पहिला तास मुद्दाम हळू. एखादं वाक्य धाप न लागता बोलता यावं इतकाच वेग ठेवा. निघताना किंचित थंडी वाजली तर चालेल. घामाने भिजलेले कपडे थांबल्यावर अंग गारठवतात. टाचेला किंवा बोटाला चुरचुर जाणवली की तिथेच थांबून टेप लावा. पुढच्या वळणावर बघू म्हटलं, की फोड आलाच.

दर फाट्यावर वळून मागे पाहा. परतताना तीच वाट वेगळी दिसते.

बर्फ वितळून वाहणारे ओढे सकाळी कमी भरलेले असतात. ते ओलांडताना सॅकचा कंबरपट्टा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवा, म्हणजे पाय सुटला तर ओझं झटकता येईल. पाणी मांडीच्या वर आणि जोरात असेल, तर एकट्याने उतरूच नका. गडगडाट ऐकू आला, की डोंगराची धार आणि एकटं झाड सोडून खाली उतरायला लागा.

पाणी फिल्टरने गाळून किंवा उकळूनच प्या. खळखळ उकळी एक मिनिट पुरते, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं ठेवा.

५. मुक्काम

तंबू पाण्यापासून साठेक मीटर दूर लावा. दरीच्या अगदी तळाशी थंड हवा साचते आणि तंबू आतून ओला होतो, जरा वरचा सपाट टप्पा बरा. कोरड्या ओढ्याचं पात्र कितीही मऊ वाटलं, तरी तिथे झोपायचं नाही. उंच प्रदेशात, ३,००० मीटरच्या वर, आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त उंचीवर मुक्काम करू नका. डोकं दुखत असेल आणि मळमळत असेल, तर आणखी वर चढायचं नाही, आणि त्रास वाढला तर रात्र असली तरी खाली उतरायचं.

कोरडे मोजे फक्त झोपण्यासाठी राखून ठेवा. फोन, पॉवर बँक आणि पाण्याचा फिल्टर गोठणाऱ्या थंडीत स्लीपिंग बॅगेत घ्या. थंडीत बॅटरी भराभर उतरते, आणि बारीक पोकळ धाग्यांतून पाणी गाळणारा फिल्टर एकदा गोठला, की वरून धड दिसला तरी भरवशाचा राहत नाही.

६. अडकलात तर

अंगावर सगळे कपडे चढवा, खाली झोपायची मॅट घाला आणि एका जागी थांबा. भटकत राहिलात, तर शोधणाऱ्यांचं काम अवघड होतं. शिट्टीचा ठरलेला संकेत असा: एका मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. अंधारात हेडलॅम्पनेही तेच. उत्तरादाखल मिनिटाला तीन शिट्ट्या आल्या, तर तुमचा आवाज पोहोचला आहे. तरीही माणसं दिसेपर्यंत वाजवणं थांबवू नका.