टॅरँटुला उलटी पडली म्हणजे मेली नव्हे: कात आणि जखम तपासताना या चुका टाळा

जर्मनीत श्टुटगार्टच्या आमच्या घरात मिरची राहते. ती टॅरँटुला आहे, म्हणजे मोठी केसाळ कोळीण. काळे पाय, त्यांवर शेंदरी गुडघे, मूळ गाव मेक्सिकोचा पॅसिफिक किनारा. घेतली तेव्हा डब्यावर ‘ब्रॅकिपेल्मा स्मिथी’ असं जातीचं शास्त्रीय नाव लिहिलेलं होतं. २०१७च्या फेरवर्गीकरणानंतर स्मिथी म्हणून पाळल्या जाणाऱ्या बऱ्याच टॅरँटुला ‘ब्रॅकिपेल्मा हॅमोरी’ निघाल्या, त्यातलीच ही एक.

तिने माझ्याकडे पहिल्यांदा कात टाकली त्या दिवशी सकाळी ती पेटीत उताणी पडलेली दिसली. सांगलीला आईला व्हिडिओ कॉल लावला. आई म्हणाली, “मेली गं ती. कुंडीत पुरून टाक.” मी काच वाजवली, मग ब्रशने पाय हलवून पाहिला. पाय अगदी हळू आत ओढला गेला. पुरायचं राहिलं हे नशीब, पण तो ब्रश लावायलाच नको होता.

उताणी पडली म्हणून हलवून पाहणं

टॅरँटुला मरताना सहसा उताणी होत नाही. पोटावर सरळ बसलेली असते आणि आठही पाय मूठ आवळल्यासारखे अंगाखाली दुमडतात. पाय वाकवायला तिच्याकडे स्नायू आहेत, पण ते पुरते सरळ करायचं काम शरीरातल्या द्रवाच्या दाबावर चालतं. अंगातलं पाणी कमी झालं की दाब उतरतो आणि पाय मिटतात. म्हणजे पाय मिटलेली दिसली तर घाई करायची, उताणी दिसली तर हात मागे घ्यायचा.

कात टाकण्याआधी ती पेटीच्या तळाशी दाट जाळ्याची चटई विणते आणि तिच्यावर उलटी होते. पोटातला, म्हणजे शरीराच्या मागच्या गोल भागातला, द्रव पुढच्या भागात ढकलला जातो, पाठीवरचं कवच डब्याच्या झाकणासारखं उचकटतं, मग लयीत ओढ घेत एकेक पाय जुन्या मोज्यातून बाहेर येतो. पिल्लाचं हे काम अर्ध्या तासातही उरकतं, मोठीला कित्येक तास लागतात. या वेळी तिचं अंग लोण्यासारखं मऊ असतं. काच वाजवू नका, दिवा लावून फोटो काढत बसू नका, पेटी हलवू नका.

खात नाही म्हणून आणखी किडे सोडणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. कात जवळ आली की टॅरँटुला खाणं सोडते. मोठी मेक्सिकन टॅरँटुला काही महिने उपाशी राहू शकते. आपण मात्र ‘बिचारी जेवत नाही’ म्हणून दोन रातकिडे आणखी टाकतो, आणि तेच रातकिडे उताण्या, मऊ अंगाच्या टॅरँटुलाला कुरतडतात. चोवीस तासांत खाल्ला नाही तर किडा बाहेर काढायचा, मोजून काढायचा. माझा एकदा मोजण्यात घोळ झाला आणि रात्री अकरा वाजता पेटीतलं कोकोपीट (नारळाचा भुसा) उपसत बसावं लागलं.

उपास कातेचा की आजाराचा, हे पोट सांगतं. कातेआधी पोट टम्म, ताणलेलं, किंचित चकचकीत असतं. अंगाचा रंग मळकट होतो, हालचाल मंदावते, कधी बिळाचं तोंड मातीने बुजवलेलं सापडतं. पोट सुरकुतलेलं आणि लहान झालं असेल तर ती तहानलेली आहे.

पोटावरच्या टकलाचंही तसंच. अमेरिका खंडातल्या बऱ्याच टॅरँटुला भ्यायल्या की मागच्या पायांनी पोटावरचे खाजरे केस उडवतात आणि तिथे चट्टा पडतो. ती जखम नाही, मलम लावायला जाऊ नका. तो चट्टा फिका असतो. तो काळपट होऊ लागला की आत नवे केस तयार झाले, कात आता जवळ आहे. चट्टा नसेल तर ही खूण मिळत नाही, मग बाकीच्या खुणांवर भागवायचं.

घाबरून पाण्याचे फवारे

इथे हिवाळ्यात घर गरम करणारे रेडिएटर हवा अगदी कोरडी करतात, त्यामुळे हात सारखा स्प्रेच्या बाटलीकडे जातो. मिरचीच्या जातीला ओली माती मानवत नाही. तिला पाण्याची भरलेली वाटी पुरते, फार तर वाटी थोडी सांडू द्या. उताण्या टॅरँटुलावर फवारा तर मुळीच नको. पाय मिटून बसलेली असेल तर मात्र उथळ वाटीच्या काठावर तिला अशी टेकवा की तोंड पाण्याशी राहील आणि पोट कोरडं राहील. श्वासाची छिद्रं पोटाच्या खालच्या बाजूला आहेत, तिथे पाणी गेलं तर ती गुदमरेल.

अडकलेली कात ओढणं

एक पाय अडकला की चिमटा हातात घ्यावासा वाटतो. घेऊ नका. नवा पाय जुन्याच्या आत अजून मऊ असतो, कात ओढली तर तोही फाटतो. बाकी सगळी सुटली आणि कित्येक तासांनंतरही तेवढंच अडकून राहिलं, तर मऊ ब्रशने त्या जागी कोमट पाण्याचे थेंब लावा आणि थांबा. पाय गेलाच तरी तो पुढच्या एकदोन कातींत परत उगवतो, आधी बारीक, मग नेहमीएवढा. मोठ्या मादीची पुढची कात दूर असते, म्हणून तिला तेवढी वाट पाहावी लागते, इतकंच.

जखमेवर घरातला डबा उघडणं

फोनवर आईने हळद सुचवली होती. हळद नको, जंतुनाशक तर नकोच. टॅरँटुलाचं रक्त लाल नसतं. त्यात लोहाऐवजी तांबं असतं, त्यामुळे ते पारदर्शक किंवा निळसर दिसतं आणि मातीवर सांडलं तर नजरेतूनच सुटतं. पाय सांध्यातून तुटला असेल तर बहुधा तिने स्वतःच सोडलेला असतो आणि जागा आपोआप बंद होते. पोटाची जखम मात्र जिवावरची. थेंब येताना दिसले तर कॉर्नफ्लोअरची चिमूट जखमेवर हलकेच दाबून ठेवा, श्वासाच्या छिद्रांवर जाऊ न देता. मग पाणी ठेवून तिला अंधारात एकटं सोडा.

बहुतेक पोटं पडल्याने फुटतात. जमिनीवर राहणाऱ्या या जड जातींसाठी मातीपासून झाकणापर्यंतची उंची पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त नको. ही उंची कमी करायची तर माती वाढवा. जाळीचं झाकणही टाळा, पायाच्या नख्या त्यात अडकतात आणि ती लटकून राहते. तपासायची असेल तेव्हा हातावर घेऊ नका. ती काचेवर चढली की टॉर्च मारून खालची बाजू बघा. तोंडापाशी पांढरा चिकट गोळा आणि दुर्गंध असेल तर कृमींचा संशय घ्यायचा आणि तिला बाकीच्यांपासून वेगळं ठेवायचं.

कात पडली, लगेच जेवण

नवे विषदंत आधी पांढरे, मग लालसर, मग काळे. काळे होईपर्यंत किडा सोडायचा नाही. पिल्लाला काही दिवस, मोठीला साधारण दोन आठवडे लागतात. पाणी मात्र पहिल्या दिवसापासून भरलेलं हवं.

पडलेली कात टाकून देऊ नका. तिच्यात विषदंत आणि जठराचं अस्तरही आलेलं असतं. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून ती भिजवा, पोटाची चामडी उलगडा आणि पुढच्या दोन श्वासपिशव्यांच्या मध्ये भिंगाने पाहा. मादीला तिथे नराचं बीज साठवायची छोटी घडी असते. नर असेल तर शेवटच्या कातेनंतर तोंडाजवळचे दोन छोटे पाय टोकाला फुगून मुष्टियोद्ध्याच्या हातमोज्यांसारखे दिसतात आणि पुढच्या पायांना आकडे येतात. त्यानंतर तो सहसा वर्षभर, कधी थोडं जास्त जगतो. मादी वीस वर्षं काढू शकते. मिरचीच्या कातेत ती घडी सापडली तेव्हा मी आईला फोन केला. ती म्हणाली, “म्हणजे आता तुला भारतात यायचं तर हिला कोण बघणार?”