जास्त चाललेली सेकंड हँड एसयूव्ही घेताय? या चुका टाळा

गणपती जवळ आले की मुंबईत जुन्या मोठ्या गाड्यांची चौकशी एकदम वाढते. गावाला जायचंय, घरातले सहा-सात जण, सामान, कोकणातला रस्ता, आणि नवीन गाडीचं बजेट नाही, मग नजर जाते ती एक-दीड लाख किलोमीटर चाललेल्या स्कॉर्पिओ, सफारी, एक्सयूव्ही ५००, डस्टर, जरा ताणलं तर जुन्या फॉर्च्युनरकडे. अशी गाडी घेऊच नका असं मी अजिबात म्हणणार नाही. नीट सांभाळलेलं डिझेल इंजिन दोन-अडीच लाख किलोमीटर आरामात जातं, आणि त्या पैशात एवढी दणकट गाडी नवीन मिळतच नाही. पण लोक भलत्याच गोष्टीला घाबरतात आणि जिथे खरंच घाबरायला हवं तिथे डोळे झाकून टोकन देतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

फक्त मीटरचा आकडा बघणं

ही सगळ्यात मोठी चूक. एक गाडी १,६०,००० चाललेली आहे पण मालक दर आठवड्याला मुंबई-कोल्हापूर करायचा, दुसरी ९०,००० चाललेली आणि रोज बोरिवली ते बीकेसी. बहुतेक लोक दुसरीला हात घालतात. आता हिशोब करा. हायवेवर सरासरी ५५ चा वेग धरला तर पहिलीचं इंजिन साधारण २,९०० तास चाललं. सिटीत सरासरी २० धरला तर दुसरीचं चाललं ४,५०० तास, तेही सगळं क्लच-ब्रेक, क्लच-ब्रेक करत, एसी लावून, सिग्नलला उभं राहून. म्हणजे मीटरवर कमी दिसणारी गाडी खरं तर जास्त झिजलेली आहे. आकडा विचाराच, पण त्याच्या आधी हे विचारा की किलोमीटर कुठे झाले आणि त्या काळात सर्व्हिसिंग कुठे झालं.

आणि आकडा खरा आहे का हे पण तपासायला लागतं, कारण डिजिटल मीटर मागे करणं हे आता लॅपटॉपवरचं काम आहे. गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जात असेल तर मालकाला सोबत घेऊन तिथून सर्व्हिस हिस्ट्री काढा, प्रत्येक वेळचं रीडिंग त्यात असतं आणि मध्येच आकडा खाली आलेला लगेच कळतो. हिस्ट्री नसेल तर गाडीच बोलते. मीटरवर ६०,००० आणि क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंगचं लेदर चकचकीत, ड्रायव्हर सीटची उजवी बाजू बसलेली, तर ते ६०,००० नाहीत. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा, त्यावरून टायर कधीचे ते कळतं, स्टेपनीचा पण बघा. इनोव्हासारख्या गाडीत आरसीवर आधी टुरिस्ट परमिट होतं का हे नक्की बघा, कारण टॅक्सीची गाडी प्रायव्हेट करून विकली जाते आणि तिचं खरं रनिंग फक्त देवाला माहीत.

पाण्यात गेलेली गाडी न ओळखणं

मुंबईत राहून हे विसरणं परवडत नाही. २६ जुलै २००५ सगळ्यांना आठवतो, २९ ऑगस्ट २०१७ ला पण तेच झालं, आणि दरवर्षी हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, किंग्ज सर्कल इथे गाड्या अडकतातच. या गाड्या जातात कुठे? धुऊन, पुसून, सीट कव्हर बदलून परत बाजारात येतात. इंजिन व्यवस्थित सुरू होतं, टेस्ट ड्राईव्हला काही कळत नाही आणि सहा महिन्यांनी वायरिंगचे एकेक कनेक्टर सडायला लागतात, आज पॉवर विंडो बंद, उद्या एबीएसची लाईट, परवा गाडी सुरूच होत नाही, आणि इलेक्ट्रिशियन बिचारा शोधत बसतो.

ओळखायचं कसं, तर सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा, वरचा भाग सगळे धुतात पण आतल्या गुंडाळीवर चिखलाची रेघ राहते. पायाखालचं मॅटिंग उचला, खालचा फोम ओला आहे का, कुबट वास येतो का. सीटच्या रेल्स आणि सीटखालचे बोल्ट गंजलेत का. स्टेपनीच्या खाचेत माती आहे का. फ्यूज बॉक्स उघडून पिना हिरवट झाल्यात का बघा. गाडीत शिरल्या शिरल्या जबरदस्त परफ्युमचा वास आला तर मी तरी अजून नीट बघतो. आणि इग्निशन ऑन केल्यावर सगळ्या वॉर्निंग लाईट एकदा पेटून मग विझायला हव्यात, एअरबॅगची किंवा चेक इंजिनची लाईट पेटलीच नाही तर ती मुद्दाम काढलेली असू शकते.

समुद्राची खारी हवा हा दुसरा शत्रू. वरळी, दादर, वर्सोवा, उत्तन बाजूला उघड्यावर उभी राहिलेली गाडी खालून गंजते. स्कॉर्पिओ, जुनी सफारी, फॉर्च्युनर या लॅडर फ्रेमच्या गाड्या आहेत, म्हणजे बॉडी शिडीसारख्या लोखंडी सांगाड्यावर बसवलेली असते, खालची ही चेसिस हाच गाडीचा कणा. गाडी रॅम्पवर किंवा लिफ्टवर घेऊन टॉर्चने चेसिस, क्रॉस मेंबर (तिचे आडवे पट्टे) आणि सस्पेन्शनचे माऊंटिंग बघा. वरवरचा तपकिरी थर चालतो, पण स्क्रू ड्रायव्हरने ठोकल्यावर पापुद्रे पडत असतील किंवा नवीन वेल्डिंग दिसत असेल तर तिथूनच परत फिरा. आणि सगळीकडे ताजा काळा अंडरकोट मारलेला असेल तर तो कशावर मारलाय हे विचारा.

गरम इंजिनवर गाडी बघायला जाणं

विकणारा म्हणतो, “तुम्ही यायच्या आधी जरा सुरू करून ठेवली, एसी थंड होऊ दे म्हणून.” गोड वाटतं, पण थंड इंजिनवर जे दिसतं ते गरमवर दिसत नाही. सकाळी लवकर जा, बॉनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर सांगा की दुसऱ्या दिवशी येतो. पहिल्या स्टार्टला किती सेल्फ मारायला लागतो, धूर कुठल्या रंगाचा येतो, आवाज कसा आहे, हे सगळं पहिल्या दोन मिनिटांत कळतं. निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय, रिंग नाहीतर टर्बो. पांढरा धूर गोडसर वासाचा आणि थांबतच नसेल तर कूलंट आत जातंय. काळा धूर जोरात रेस केल्यावर जुन्या डिझेलमध्ये थोडा येतोच, पण सतत येत असेल तर इंजेक्टर, एअर फिल्टर, ईजीआर (धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह) असं काहीतरी आहे. इंजिन चालू असताना ऑईलचं झाकण काढून नुसतं वर ठेवा, ते नाचायला लागलं आणि धुराचे लोट यायला लागले तर ब्लो-बाय आहे, सिलेंडरमधला गॅस रिंगच्या बाजूने खाली गळतोय, म्हणजे इंजिनचं काम जवळ आलंय.

टेस्ट ड्राईव्ह सोसायटीच्या आवारात किंवा गल्लीत दोन फेऱ्या मारून होत नाही. चढ पाहिजे, घोडबंदरला गायमुखचा चढ घ्या, नाहीतर निदान फ्लायओव्हर चढताना चौथ्या गिअरमध्ये हळूहळू ॲक्सिलरेटर द्या, आरपीएम वाढतोय आणि स्पीड वाढत नाही म्हणजे क्लच घसरतोय. काही गाड्यांत क्लचबरोबर ड्युअल मास फ्लायव्हील (क्लचला जोडलेलं, धक्के शोषणारं जड चाक) पण बदलायला लागतं, एक्सयूव्ही ५०० त्यातलीच, आणि ते बिल नुसत्या क्लच प्लेटच्या कितीतरी पट होतं, तेव्हा गाडी जागेवरून निघताना थरथरते का हे आधीच बघा. फोर बाय फोर असेल तर ते खरंच एंगेज होतं का हे मातीच्या जागेत करून बघा, वर्षानुवर्षं न वापरल्यामुळे बऱ्याच गाड्यांत ते जाम झालेलं असतं.

आपला मेकॅनिक सोबत न्या, डीलरने दिलेला नाही. दोन-तीन हजार फी मागितली तरी द्या. स्कॅनर लावायला सांगा, बऱ्याच गाड्यांत बिघाडाचे कोड शेवटचे कधी क्लीअर केले त्यानंतर किती किलोमीटर झाले ते दिसतं, ते फक्त पाच-दहा दाखवत असेल तर कुणीतरी कालच काहीतरी पुसलंय.

पेपरचं काम “एजंट करेल” म्हणून सोडणं

यात मी थोडक्यात सांगतो पण हलक्यात घेऊ नका. आरसीवर बँकेचं हायपोथिकेशन, म्हणजे कर्जाची नोंद असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ट्रान्सफरसाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. पेंडिंग ई-चलान आधी विकणाऱ्याकडून भरून घ्या. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट बसवलेली आहे का बघा. गाडी ट्रान्सफर झाल्यापासून १४ दिवसांत इन्शुरन्स आपल्या नावावर करा, नाहीतर गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो, आणि नो क्लेम बोनस हा विकणाऱ्याचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे प्रीमियम वाढेल हे धरून चाला. १५ वर्षं पूर्ण व्हायला किती महिने राहिलेत ते मोजा, त्यानंतर फिटनेस, रजिस्ट्रेशन रिन्यू आणि ग्रीन टॅक्स असं सगळं येतं.

दिल्लीच्या गाड्या स्वस्त दिसतात. तिकडे डिझेलवर १० वर्षांचा नियम आल्यापासून तिथल्या गाड्या इकडे येतात आणि फोटोत छान दिसतात, पण एनओसी, इथला रोड टॅक्स, नवीन नंबर हे सगळं धरल्यावर स्वस्ताई बरीचशी संपते.

अजून एक, टोकन द्यायच्या आधी आपल्या बिल्डिंगचं पार्किंग मोजा. स्टॅक पार्किंग असेल तर उंचीची मर्यादा असते, स्कॉर्पिओ १९०० मिमीच्या वर जाते, मग गाडी रस्त्यावर आणि रोज वॉर्डनशी वाद.

सगळे पैसे गाडीतच घालणं

सहा लाख बजेट असेल तर गाडी पाचची बघा. उरलेले पैसे पहिल्याच महिन्यात लागतात आणि लागलेच पाहिजेत. आधीच्या मालकाने “आत्ताच सर्व्हिसिंग केलंय” म्हटलं तरी बिल नसेल तर झालेलं नाही असंच समजा. इंजिन ऑईल, ऑईल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑईल, गिअर ऑईल, डिफरन्शियल ऑईल, हे सगळं एकदम बदलून त्या दिवसाचं रीडिंग वहीत लिहा, म्हणजे पुढचा हिशोब तुमचा स्वतःचा राहतो.

यात टायमिंग बेल्टवर जरा थांबतो. डस्टरचं डिझेल, इकोस्पोर्टचं डिझेल, जुनी ३ लिटरची फॉर्च्युनर, यांना बेल्ट आहे. स्कॉर्पिओ, एक्सयूव्ही ५०० मधल्या एमहॉक इंजिनला चेन आहे. बेल्ट तुटायच्या आधी आवाज देत नाही, हायवेवर एकदम तुटतो, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि अख्खं इंजिन उघडायला लागतं. बदलल्याचं बिल नसेल तर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप असं तिन्ही एकत्र बदला, कारण उघडायची मजुरी एकदाच लागते. बेल्टला किलोमीटरसारखंच वय पण असतं, त्यामुळे कमी चाललेली पण दहा वर्षं जुनी गाडी यातून सुटत नाही.

लक्षण एक, बदललं भलतंच

गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त पैसे इथे जातात. चढावर गाडी ओढत नाही म्हटलं की टर्बो गेला असं सांगतात, आणि बऱ्याचदा इंटरकूलरचा पाईप फाटलेला किंवा क्लॅम्प सैल असतो, नाहीतर डिझेल फिल्टर चोक असतो. स्वस्त गोष्टी आधी तपासायला लावा. सिग्नलला उभं असताना काटा वर जातो आणि चालायला लागल्यावर खाली येतो तर आधी रेडिएटरचा फॅन बघा, हायवेवर किंवा घाटात गरम होते तर रेडिएटर आतून चोक, वॉटर पंप किंवा हेड गॅस्केट. गरम झालेल्या गाडीचं रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका, हात भाजतो, चेहरा भाजतो. आणि कूलंटच्या जागी नळाचं पाणी तर घालूच नका, आतून गंज आणि क्षार धरतात. सिग्नलला एसी थंड करत नाही, चालताना करतो, तर गॅस भरायच्या आधी कंडेन्सर साफ आहे का, त्याचा फॅन फिरतोय का बघा. ८०-१०० ला स्टिअरिंग थरथरतं तर बॅलन्सिंग, फक्त ब्रेक मारल्यावर थरथरतं तर डिस्क. खड्ड्यात कटकट आवाज येतो तर लिंक रॉड आणि बुश आधी, चारही शॉकअप बदलायला सांगितलं तर दुसरीकडे दाखवा.

ऑईल बदलायला मॅन्युअलमध्ये १०,००० लिहिलं असेल तर मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये ७-८ हजारांत बदला, वर तासांचा हिशोब सांगितला तो इथे पण लागू होतो. बीएस-६ डिझेल घेतली असेल तर त्यात डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर आहे, रोज चार किलोमीटरच्या शाळा-बाजाराच्या फेऱ्यांत तो भरतो, आठवड्या-दोन आठवड्यांनी ईस्टर्न फ्रीवे किंवा अटल सेतूसारख्या मोकळ्या रस्त्यावर सलग एका स्पीडला चालवा, म्हणजे काजळी जळून जाते.

पावसाच्या आधी पुढच्या काचेखालची जाळी आणि सनरूफचे ड्रेन पानं काढून मोकळे करा, नाहीतर पाणी थेट पायाखाली येतं. पाणी साचलेल्या रस्त्यात गाडी बंद पडली तर परत सेल्फ मारू नका. एसयूव्ही उंच आहे म्हणून लोक घालतात, हवेच्या वाटेने पाणी सिलेंडरमध्ये जातं, पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. न्यूट्रलला टाकून ढकला, टो करा, बाहेर काढल्यावर मेकॅनिकला इंजिन उघडून बघू दे. चाकं बुडतील एवढ्या पाण्यातून सुखरूप बाहेर आलात तरी गिअर आणि डिफरन्शियलचं ऑईल तपासा, दुधासारखं झालं असेल तर लगेच बदला.

पार्टसाठी कुर्ल्याला सीएसटी रोडला जाल तर आरसा, हेडलाईट, दरवाजाचं ट्रिम, बंपर असलं जुनं बिनधास्त घ्या, अर्ध्या किमतीत मिळतं. ब्रेकचं सामान, बेल्ट, बॉल जॉईंट, स्टिअरिंगचे पार्ट मात्र नवीनच, ओरिजिनल, बिलासकट, कारण जुन्या ब्रेकच्या पार्टने आधी काय काय सोसलंय हे दुकानदाराला पण सांगता येत नाही, आणि मागच्या सीटवर तुमची माणसं बसलेली असतात.