नाटकात काम करायचंय? नवीन लोकांसाठी थोडं अनुभवाचं

नाटकात काम करायचंय असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, तोच प्रवेश त्याच शब्दांत पन्नासाव्यांदा करायची तयारी आहे का? पहिला प्रयोग सगळ्यांचाच बरा होतो हो, अंगात वारं असतं. खरी गंमत पुढे, पाठांतर इतकं पक्कं होतं की समोरचा काय बोलतोय ते ऐकूच येत नाही, आपण नुसते त्याचं वाक्य संपायची वाट बघत उभे. आणि प्रेक्षकाला ते लगेच कळतं.

आवाजाचं सांगतो. नवीन माणूस वाक्याची सुरुवात दणक्यात करतो आणि शेवटी श्वास संपतो, आता मराठीत क्रियापद आणि 'नाही' शेवटी येतं, त्यामुळे 'मी येणार नाही' मधलं 'नाही' गिळलं की शेवटच्या रांगेत बरोब्बर उलटा अर्थ पोचतो. उपाय ओरडणं नाही, त्याने घसाच बसेल. पोटातून श्वास घ्या, वाक्यात कुठे घ्यायचा ते संहितेत पेन्सिलने खूण करून ठेवा, आणि तालमीत मित्राला मागे बसवून फक्त शेवटचे शब्द ऐकू येतात का ते विचारा.

हशा आला की पण घोळ होतो. पूर्ण थांबेपर्यंत थांबलात तर प्रवेश पडतो, हशातच बोललात तर वाक्य वाया, तो उतरायला लागला की उचलायचं. हे फक्त प्रेक्षकांसमोरच शिकता येतं, घरी आरशासमोर नाही.

डोळ्यात पाणी कसं आणायचं हे मात्र सगळे विचारतात!! खऱ्या भावनेतून अभिनय करायला शिकवणारा रशियन नट-दिग्दर्शक म्हणून स्तानिस्लावस्कीचं नाव तर हमखास निघतं. १८९८ मध्ये मॉस्को आर्ट थिएटर काढणाऱ्यांपैकी तो एक, पण शेवटच्या वर्षांत त्याचा स्वतःचा भर भावनेपेक्षा शारीरिक कृतीवर जास्त होता, हे कुणी सांगत नाही. पात्राला आत्ता समोरच्याकडून काय हवंय आणि त्यासाठी ते काय करतंय एवढं धरा, रडू येईल नाहीतर नाही येणार.

ऑडिशनला दोन वेगळ्या स्वभावाची छोटी स्वगतं तयार ठेवा. 'आता हेच वेगळ्या पद्धतीने करून दाखव' म्हणाले तर आधीचं आवडलं नाही असं समजू नका, सूचना घेता येते का ते बघत असतात. निवड नाही झाली तर बॅकस्टेज मागा, विंगेतून रोज प्रयोग बघणाऱ्याला सगळ्यांच्या भूमिका आपोआप पाठ होतात आणि ऐनवेळी रिप्लेसमेंट लागली की पहिला फोन त्यालाच.

पैशाचं म्हणाल तर अनियमित. प्रयोग असेल तर मानधन, नाही तर नाही, बऱ्याच ठिकाणी तालमीचे मिळतच नाहीत, तर काम घ्यायच्या आधीच विचारा, लाजू नका. जोडीला डबिंग, शिकवणी असं वेळ पुढेमागे करता येणारं काहीतरी ठेवा, कारण तालमी संध्याकाळी असतात आणि प्रयोगाची तारीख तुमच्या सोयीने ठरत नाही.