अमेरिकेत रेसिडेन्सी करताना मूनलायटिंग करायचंय? आधी कोणाकोणाला विचारायचं ते बघा

रेसिडेन्सीचं, म्हणजे इथल्या पीजी ट्रेनिंगचं, पहिलं वर्ष (इंटर्न इयर) संपतं, जुलै उजाडतो आणि रेसिडेंट्सच्या ग्रुपवर मेसेज पडतोच, की अमक्या हॉस्पिटलला नाईट कव्हरेजला माणसं हवीत, तासाला एवढे डॉलर, कोणी येतंय का. आपल्याकडून आलेल्या पोरापोरींना मोह होणारच, घरी एज्युकेशन लोनचा हप्ता चालू असतो, टॅक्स कापून जो पगार हातात येतो त्यातला बराचसा भाडं आणि गाडी खाऊन टाकते, आणि वर एमबीबीएस झाल्यावर पीजीची तयारी करताना नर्सिंग होममध्ये आरएमओ ड्युट्या केलेल्या असतात त्यामुळे एक्स्ट्रा नाईट म्हणजे काही विशेष वाटत नाही. नाईट केली, सकाळी पाकीट घेतलं, घरी येऊन झोपलो, विषय संपला.

इथे विषय तसा संपत नाही. मूनलायटिंगला, म्हणजे ट्रेनिंगच्या ड्युटीव्यतिरिक्त पैसे घेऊन केलेल्या शिफ्टना, इथे चार ठिकाणची परवानगी लागते: इमिग्रेशन, स्टेटचं मेडिकल बोर्ड, तुमचा प्रोग्रॅम आणि मालप्रॅक्टिस इन्शुरन्सवाले (पेशंटने उपचारातल्या चुकीसाठी केस केली तर लागतो तो). आणि गंमत अशी की हे चौघं एकमेकांशी बोलत नाहीत. पीडी (प्रोग्रॅम डायरेक्टर) हो म्हणाले म्हणजे व्हिसाला चालतं असं नाही, एचआरने ऑनबोर्डिंगचे फॉर्म पाठवले म्हणजे लायसन्स पुरेसं आहे असं नाही. सगळे जण तासाला किती मिळतात इथून सुरुवात करतात, ते शेवटी बघा. व्हिसापासून सुरू करा, बऱ्याच जणांचं उत्तर तिथेच मिळेल.

जे-1 वर, म्हणजे ट्रेनिंगसाठीच्या एक्सचेंज व्हिसावर असाल तर उत्तर एकच, मूनलायटिंग करता येत नाही. इंटर्नल, एक्स्टर्नल, स्वतःच्याच हॉस्पिटलमधली एक्स्ट्रा शिफ्ट, शेजारच्या गावातलं अर्जंट केअर, काहीच नाही. जे-1 फिजिशियनचा स्पॉन्सर ईसीएफएमजी (बाहेर शिकलेल्या डॉक्टरांना सर्टिफिकेट देणारी संस्था) असतो, हॉस्पिटल नाही, आणि तुमच्या डीएस-2019 वर, म्हणजे स्पॉन्सरने दिलेल्या जे-1 च्या कागदावर, जो ट्रेनिंग प्रोग्रॅम लिहिलाय त्याच कामाचे पैसे तुम्ही घेऊ शकता. "पण आमच्या प्रोग्रॅममधला एक जण करतो ना" हे मी इतक्यांदा ऐकलंय, तो जो एक जण असतो तो बहुतेक वेळा ग्रीन कार्डवाला निघतो नाहीतर इथलाच सिटिझन. प्रोग्रॅम कोऑर्डिनेटरलाही कधीकधी हे माहीत नसतं, ते सगळ्यांना एकच फॉर्म पाठवतात आणि तो फॉर्म तुमच्या इनबॉक्समध्ये आला म्हणून तुम्ही पात्र ठरत नाही. नियम मोडल्याचं कळलं तर स्पॉन्सरशिपच जाऊ शकते, म्हणजे रेसिडेन्सी, आणि पुढे जे-1 वेव्हरची (ट्रेनिंगनंतर मायदेशी परतण्याच्या अटीतून सूट) जी काही स्वप्नं असतील ती पण. चार नाईटच्या पैशासाठी हा जुगार कोणीही खेळू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

जे-1 वाल्यांनी घरात पैसे वाढवायचा सरळ रस्ता म्हणजे जोडीदार जे-2 वर (जे-1 वाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) असेल तर त्याचं किंवा तिचं वर्क परमिट काढणं. त्याला ईएडी म्हणतात, आय-765 फॉर्म भरायचा, कार्ड हातात आलं की काम करता येतं, तेही कोणत्याही क्षेत्रात. एकच अट लक्षात ठेवा, ते उत्पन्न जे-1 वाल्याचा खर्च भागवण्यासाठी लागतं असं दाखवायचं नाही. अर्जासोबतच्या पत्रात ही एक ओळ चुकीची लिहिली तर सगळं पुन्हा करावं लागतं. आणि कार्डाला वेळ लागतो, तेव्हा आल्या आल्या अर्ज टाका.

एच-1बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसाचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे आणि इथेच लोक सगळ्यात जास्त गडबडतात. एच-1बी हा एम्प्लॉयरला चिकटलेला असतो, तुमच्या डिग्रीला नाही. ज्याने पिटिशन, म्हणजे तुमच्या व्हिसाचा अर्ज, भरला त्याच्याकडेच काम. म्हणून आधी पे-स्लिपवर बघा एम्प्लॉयरचं नाव काय आहे, आणि एफईआयएन नंबर (एम्प्लॉयरचा टॅक्स नंबर) कोणता आहे. कित्येक रेसिडेंट्सचा पगार युनिव्हर्सिटी देते आणि ते ज्या हॉस्पिटलमध्ये दिवसरात्र राबतात ती कायद्याने वेगळीच संस्था असते, मग ज्याला तुम्ही इंटर्नल मूनलायटिंग समजताय ते इमिग्रेशनच्या हिशोबाने बाहेरचं काम झालं. एम्प्लॉयर तोच असला तरी पिटिशनमध्ये लिहिलेलं काम आणि मूनलायटिंगचं काम एकाच प्रकारात बसतं का, जागा तीच आहे का, हे हॉस्पिटलच्या इमिग्रेशन ऑफिसला किंवा वकिलाला विचारून लेखी घ्या. तोंडी "इट शुड बी फाइन" ला काही अर्थ नाही.

बाहेरच्या हॉस्पिटलला करायचं असेल तर त्या हॉस्पिटलने तुमच्यासाठी वेगळं कॉनकरंट (पहिल्याच्या जोडीने चालणारं) एच-1बी पिटिशन भरायला लागतं. कायद्यात सोय आहे, आणि मूळ नोकरी कॅपमधून (एच-1बी च्या वार्षिक संख्येच्या मर्यादेतून) सूट असलेल्या संस्थेत चालू असेल तर या दुसऱ्या पार्ट-टाइम नोकरीसाठी लॉटरीत जावं लागत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पण व्यवहारात महिन्याला दोन वीकेंडसाठी कोणतं छोटं हॉस्पिटल वकिलाची फी आणि सरकारी फी भरणार? फेलोशिपमध्ये असाल, इंटर्नल मेडिसिन पूर्ण झालेलं असेल आणि हॉस्पिटलिस्ट (फक्त भरती झालेले पेशंट बघणारा डॉक्टर) म्हणून नियमित शिफ्ट देणार असाल तर कधीकधी तयार होतात, विचारून बघायला हरकत नाही. आणि 1099 वर, म्हणजे कॉन्ट्रॅक्टर म्हणून, एच-1बी वाल्याने काम घ्यायचंच नाही. स्टाफिंग एजन्सीवाले बिनधास्त 1099 ऑफर करतात, त्यांना तुमच्या व्हिसाशी देणंघेणं नसतं.

ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप असेल तर हा सगळा भाग तुम्हाला लागू नाही, खाली जा.

पण त्याआधी एक गोष्ट, जी आपल्या लोकांत फार चालते. इथे बसून इंडियातल्या ज्युनियर्सना पैसे घेऊन यूएसएमएलईचं (इथल्या लायसन्ससाठीची परीक्षा) कोचिंग देणं, पर्सनल स्टेटमेंट तपासून देणं, मॉक इंटरव्ह्यू घेणं, आणि पैसे यूपीआयने बाबांच्या अकाउंटला. लोकांना वाटतं रुपयात आले, इंडियात आले, म्हणजे इथल्या व्हिसाचा काय संबंध. संबंध आहे, कारण काम तुम्ही अमेरिकेत बसून करताय, पैसे कोणत्या देशात जमा झाले हा मुद्दा नंतरचा. महाराष्ट्रातल्या पेशंटला व्हिडिओवर कन्सल्ट करून फी घेणं हे पण त्यातच आलं, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू असलं तरी इथल्या वर्क ऑथरायझेशनला ते लागू पडत नाही. एफडीचं व्याज, पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं असलं उत्पन्न वेगळं, ते काम नाही, फक्त टॅक्समध्ये दाखवावं लागतं. पुढे ग्रीन कार्डच्या फॉर्मवर थेट प्रश्न असतो, कधी परवानगीशिवाय काम केलंय का, आणि तिथे सही तुमची असते. शंका असेल तर वकिलाची एक तासाची फी भरा, स्वस्त पडते.

आता लायसन्स. रेसिडेंट म्हणून तुमच्याकडे बहुतेक ट्रेनिंग लायसन्स किंवा लिमिटेड परमिट असतं, ते फक्त ट्रेनिंगमधल्या कामापुरतं. बाहेर स्वतंत्र डॉक्टर म्हणून उभं राहायचं तर पूर्ण स्टेट लायसन्स हवं, त्यासाठी यूएसएमएलईची स्टेप 3 पास हवी, आणि खरी अडचण अशी की कितीतरी राज्यांत इथल्या मेडिकल स्कूलच्या मुलांना एका वर्षाच्या ट्रेनिंगवर लायसन्स मिळतं पण आपल्यासारख्या बाहेरून शिकून आलेल्यांना दोन, काही ठिकाणी तीन वर्षं थांबायला लागतं. म्हणजे शेजारचा को-रेसिडेंट सेकंड इयरला मूनलायटिंग करतोय आणि तुम्ही फायनल इयरपर्यंत नाही, यात भेदभाव बिदभाव काही नाही, तो त्या राज्याचा नियम आहे. तुमच्या स्टेट बोर्डाच्या साइटवर स्वतः वाचा. टेलिहेल्थ असेल तर पेशंट ज्या राज्यात बसलाय तिथलं लायसन्स लागतं, तुम्ही कुठे बसलाय ते नव्हे.

त्याच्या जोडीला डीईए, म्हणजे नशेची सवय लागू शकणारी नियंत्रित औषधं लिहून देण्यासाठीचं सरकारी रजिस्ट्रेशन. ट्रेनिंगमध्ये तुम्ही हॉस्पिटलच्या डीईए नंबरवर प्रिस्क्रिप्शन लिहिता, तो नंबर बाहेर वापरायचा नाही, अगदी एका ट्रॅमाडॉलसाठी पण नाही. स्वतःचा काढायचा, तीन वर्षांचे 888 डॉलर, आणि 2023 पासून अर्ज करताना व्यसनाच्या आजारांवरचं 8 तासांचं ट्रेनिंग झालेलं असावं लागतं. नवीन जागेला आधी विचारा, ही फी कोण भरणार, बऱ्याचदा विचारलं तर देतात आणि नाही विचारलं तर कोणी आपणहून देत नाही.

प्रोग्रॅमची परवानगी. एसीजीएमईचे (रेसिडेन्सी प्रोग्रॅमना मान्यता देणारी संस्था) नियम थोडक्यात असे: पीजीवाय-1 ला, म्हणजे पहिल्या वर्षाला, मूनलायटिंग बंद, पीडीची लेखी परवानगी पाहिजे, कोणालाही मूनलायटिंगची सक्ती करता येत नाही, आणि त्याचा ट्रेनिंगवर परिणाम दिसला तर पीडी परवानगी काढून घेऊ शकतात. हॉस्पिटल किंवा प्रोग्रॅमने सरसकट बंदी घातली तर तेही त्यांना चालतं, काही सर्जिकल प्रोग्रॅम घालतातच. बाकी अटी प्रत्येकाच्या वेगळ्या, इन-ट्रेनिंग एक्झामला ठराविक पर्सेंटाइल, प्रोबेशन नको, कुठे महिन्याला तासांची मर्यादा. जीएमई ऑफिसची (हॉस्पिटलमधलं रेसिडेन्सी सांभाळणारं ऑफिस) पॉलिसी मागून घ्या आणि पूर्ण वाचा. मग पीडींना मेल टाका, त्यात जागा, कामाचं स्वरूप, साधारण किती शिफ्ट, सुपरवायझर कोण, इन्शुरन्स कोणाचा हे सगळं लिहा. उत्तर मेलवरच आलं पाहिजे. कॉरिडॉरमध्ये चालता चालता मिळालेली परवानगी पीडी बदलले की हवेत विरते.

तासांचा हिशोब मात्र नीट समजून घ्या, इथे हुशार लोकही चुकतात. आठवड्याला 80 तास, चार आठवड्यांच्या सरासरीने, आणि मूनलायटिंगचा प्रत्येक तास त्यात धरायचा. ही मर्यादा देशभर 2003 साली आली, तिचं मूळ न्यू यॉर्कमधल्या 1984 च्या लिबी झायन प्रकरणात आहे, 18 वर्षांची मुलगी हॉस्पिटलमध्ये दगावली आणि थकलेल्या रेसिडेंट्सचा प्रश्न कोर्टापर्यंत गेला. 2003 च्या नियमात फक्त इंटर्नल मूनलायटिंग मोजायचे, बाहेरचं मोकळं होतं, 2011 पासून दोन्ही मोजतात. जुने सीनियर "बाहेरचं कोण मोजतंय" म्हणतात ते त्या काळातलं ज्ञान आहे.

आता सरासरीतली मेख. समजा दोन आठवडे आयसीयूची ड्युटी (रोटेशन) आहे आणि त्यात 78 आणि 79 तास झाले, नंतर दोन आठवडे इलेक्टिव्ह, म्हणजे स्वतः निवडलेलं हलकं रोटेशन, 50-50 तास. एकूण 257, चार आठवड्यांचे 320 होतात, म्हणजे 63 तास शिल्लक, आयसीयूतच एक 12 तासांची शिफ्ट मारू, असं कोणालाही वाटेल. चालत नाही. रोटेशन चार आठवड्यांपेक्षा छोटं असेल तर सरासरी त्या रोटेशनपुरतीच काढायची, जड आणि हलकं एकत्र करून आकडा बसवायचा नाही. म्हणजे आयसीयूच्या 160 मधले तुमचे 157 संपले, उरले 3. इलेक्टिव्हमध्ये मात्र 60 तास मोकळे आहेत, शिफ्ट घ्यायच्या तर तिथे. रजेचे दिवस पण सरासरीतून वगळतात, चारातला एक आठवडा रजा असेल तर मर्यादा 320 नाही, 240. आणि घरी बसून नोट्स लिहिता तो वेळ पण 80 मध्ये येतो, तो लोक सोयीस्कर विसरतात.

तास नोंदवायचं सॉफ्टवेअर मेडहब असो की न्यू इनोव्हेशन्स, तास खरे टाका. खोटे टाकून सापडलात तर मुद्दा तासांचा राहत नाही, प्रोफेशनलिझमचा होतो, आणि तो शब्द पुढे लायसन्सच्या प्रत्येक व्हेरिफिकेशनमध्ये मागे लागतो.

मालप्रॅक्टिस. रेसिडेन्सीचा इन्शुरन्स बाहेरच्या कामाला लागू होत नाही, एवढं डोक्यात पक्कं ठेवा, इंटर्नल असेल तरी कव्हर आहे का ते रिस्क मॅनेजमेंटकडून लेखी घ्या. नवीन जागा इन्शुरन्स देते म्हणाली तर पुढचा प्रश्न हा विचारायचा की तो ऑकरन्स आहे की क्लेम्स-मेड. ऑकरन्स असेल तर काम केलं त्या काळात पॉलिसी होती एवढं पुरतं, केस पाच वर्षांनी का होईना. क्लेम्स-मेड असेल तर केस होताना पॉलिसी चालू लागते, म्हणजे तुम्ही सोडून गेल्यावर टेल कव्हर कोणीतरी विकत घ्यायला पाहिजे आणि टेल महाग असतो. तो कोण भरणार हे कॉन्ट्रॅक्टमध्ये स्पष्ट नसेल तर सही करू नका. लोक इथे रेटवर घासाघीस करत बसतात, माझ्या मते टेलवर करावी.

टॅक्सचं पटकन सांगतो. डब्ल्यू-2 वर, म्हणजे पगारी नोकर म्हणून असाल तर टॅक्स कापूनच येतो. 1099 असेल, म्हणजे ग्रीन कार्ड किंवा सिटिझन असाल, तर कोणीच काही कापत नाही आणि सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स 15.3 टक्के इन्कम टॅक्सच्या वर बसतो. चेक आला की तिसरा हिस्सा वेगळ्या अकाउंटला टाकून विसरून जा, आणि साधारण 15 एप्रिल, 15 जून, 15 सप्टेंबर, 15 जानेवारी या तारखांना एस्टिमेटेड टॅक्स भरा. लायसन्स, डीईए, स्वतः भरलेला इन्शुरन्स हे खर्च दाखवता येतात, पावत्या ठेवा.

कॉन्ट्रॅक्टमध्ये अजून दोन ओळी शोधा. एक, शिफ्ट रद्द करायला किती दिवस आधी कळवायचं, कारण रेसिडेन्सीचं शेड्यूल बदलतं आणि जेपर्डी कॉल (कोणी येऊ शकलं नाही तर त्याच्या जागी बोलावणं) आला की तुम्हाला तिकडे जावंच लागतं, दंडाची अट असेल तर ती आधीच काढून घ्या. दुसरी नॉन-कॉम्पीट, म्हणजे आसपास दुसरीकडे काम न करण्याची अट, ट्रेनिंग संपल्यावर त्याच गावात नोकरी करायची असेल आणि तुम्ही दोन वीकेंडसाठी 30 मैलांच्या नॉन-कॉम्पीटवर सही केलेली असेल तर पुढच्या मोठ्या नोकरीच्या वेळी तो कागद कोणीतरी पुढे करू शकतं. खोडायला सांगा, मूनलायटरसाठी बहुतेक जण खोडतात.