अकेडियात स्वतःचा घोडा नेताय? आधी सायकली नसलेला रस्ता धरा

अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या अकेडिया नॅशनल पार्कात आपला घोडा ट्रेलरमधून नेणार असाल तर पहिल्या दिवशी थेट पार्कातल्या गर्दीत घालू नका. धनाढ्य जॉन डी. रॉकफेलर ज्युनियरने १९१३ ते १९४० दरम्यान घोडागाड्यांसाठी बांधलेले कॅरेज रोड्स, पार्कात ४५ मैल आहेत, खडीचे, मस्त रुंद, पण तिथे सायकली चालतात आणि मागून आवाज न करता येणारी सायकल म्हणजे घोडा बुजलाच समजा. शेजारीच लँड अँड गार्डन प्रिझर्व्ह या खासगी संस्थेच्या जमिनीवरच्या कॅरेज रोडवर सायकलींना बंदी आहे, घोड्यांना नाही, सुरुवात तिथून करा.

दगडी पुलाखालून जाताना टापांचा आवाज असा घुमतो की आमची घोडी कान टवकारून जागीच थिजली 😅 लगाम खेचत बसण्यापेक्षा पाच मिनिटं उभं राहू द्या, वास घेऊ द्या, मग आपणहून जाते.

कॉगिन्स टेस्टचा (घोड्यांच्या संसर्गजन्य अ‍ॅनिमियासाठीची रक्तचाचणी) निगेटिव्ह रिपोर्ट नि व्हेटचं हेल्थ सर्टिफिकेट गाडीतच ठेवा, स्टेट बदलताना लागतं. आणि वसंतात बर्फ वितळून चिखल झाला की हे रस्ते सगळ्यांनाच बंद करतात, घोड्यांनाच काय पायी चालणाऱ्यांनाही, तेव्हा ट्रेलर जोडण्याआधी पार्कची साइट बघा.